तालवाद्यांचा जिवंत ध्वनी : संगणकीय स्वरलेखन आणि विदर्भातील ग्रामीण वाद्ये

स्वरलेखनाच्या संगणकीय प्रणालीत लिहिलेला ठेका खऱ्या वाद्यावर, खऱ्या हाताने वाजवल्यासारखा ऐकू यावा म्हणून केली जाणारी तजवीज. म्यूझस्कोर, सिबेलियस, डोरिको यांसारख्या प्रणाली पाच रेघांवर लिहिलेले संगीत लगोलग वाजवून दाखवतात. त्यांतली बासरी किंवा व्हायोलिन बऱ्यापैकी पटते. तालवाद्य मात्र पत्र्याच्या डब्यावर कुणी काडी मारत असल्यासारखे वाटते. डफडे, खंजेरी, ढोलकी, मृदंग यांवर कान घडलेल्या विदर्भातल्या श्रोत्याला तर हा फरक पहिल्या आवर्तनातच खटकतो.

या उणिवेचे मूळ मिडी या संकेतपद्धतीत आहे. १९८३ साली आलेल्या मिडीमध्ये वाद्याचा आवाज नसतोच; कोणती किल्ली (कीबोर्डवरची क्रमांक दिलेली पट्टी) दाबली, किती जोराने (१ ते १२७) आणि केव्हा, एवढाच निरोप असतो. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या सामाईक यादीत, दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखली गेली आणि ३५ ते ८१ या किल्ल्यांवर ४७ आवाज बसवले गेले. त्यांत बोंगो आहे, कोंगा आहे, ५४ क्रमांकावर टँबोरीन आहे. ढोलकी नाही, डफडे नाही. मग लिहिणारा ढोलकीसाठी बोंगो घेतो आणि खंजेरीसाठी टँबोरीन. पण त्या यादीत बोंगोला आवाज दोनच, एक उंच आणि एक खालचा. ढोलकीवर पडणाऱ्या हाताला त्यात जागाच उरत नाही.

म्हणून या विषयाचा गाभा महागड्या ध्वनिसंचात (मुद्रित आवाजांच्या संग्रहात) नाही, तो बोलांत, म्हणजे थापांना दिलेल्या ‘धा’, ‘ना’ अशा नावांत आहे. प्रत्येक बोलाला स्वतंत्र किल्ली मिळाली की साध्या आवाजातही ठेका ओळखू येतो. ती मिळाली नाही तर उत्तमोत्तम ध्वनिसंचही परकाच वाटतो. केहरव्याचे उदाहरण घ्यावे : धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रांचा हा ठेका चार किल्ल्यांत बसतो : घे (ठेक्यातला ‘गे’ हाच), ना, ती आणि क. ‘धा’साठी ‘ना’ व ‘घे’ एकाच क्षणी वाजवायचे, ‘धी’साठी ‘ती’ व ‘घे’. पाचव्या मात्रेला ‘खाली’ (ठेक्याचा रिकामा भाग; घुमाऱ्याचा भाग ती ‘भरी’) येते तेव्हा डावीकडचा घुमारा थांबतो आणि सहाव्या मात्रेवर बायाचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, बंद ‘क’ पडतो. संगणकाकडे ‘घे’ आणि ‘क’ या वेगळ्या किल्ल्या नसतील तर खाली आणि भरी सारखीच ऐकू येते, आणि ताल सपाट होतो.

दुसरी बाब अशी की उघडी थाप घुमत असताना बंद थाप पडली तर आधीचा नाद तिथेच तुटायला हवा. ड्रमसेटच्या उघड्या व मिटलेल्या हाय-हॅटसाठी (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेसाठी) ही सोय पूर्वीपासून आहे. तोच नियम ‘घे’ आणि ‘क’ यांना लावता येतो. बाया मनगटाने दाबत स्वर वर नेला जातो, त्यासाठी मिडीतले स्वरवळण (पिच बेंड) वापरतात. त्याचे १६,३८४ टप्पे असतात आणि बहुतेक ठिकाणी त्याचा आवाका मुळात वर-खाली दोन अर्धस्वरांचा असतो.

विदर्भातल्या वाद्यांच्या बाबतीत हे काम जास्त बारकाईने करावे लागते, कारण त्यांचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही. तबला आणि मृदंग यांच्या शाईमुळे (कातड्यावरच्या काळ्या लेपामुळे) त्यांचे उपनाद सुरेल नात्यात येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, आणि ती किती व किती ओली यावर धुम्याचा, म्हणजे या डाव्या तोंडाचा, स्वर ठरतो. खंजेरीला ना शाई ना कणीक. एका चौकटीवर ताणलेले कातडे आणि पितळी चकत्या, एवढाच तिचा पसारा. पण याच वाद्याच्या साथीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगाव भजने गायली. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ पासूनचा. खेड्यांतली भजनी मंडळे आजही खंजेरीवरच भजन धरतात. तिच्यासाठी निदान चार किल्ल्या लागतात : बोटांची उघडी थाप, तळव्याने दाबलेली बंद थाप, काठावरची टिचकी आणि नुसत्या हलवलेल्या चकत्या. थाप आणि चकत्या वेगळ्या ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण चकत्यांचा नाद थापेमागे रेंगाळत राहतो.

डफडे आणखी वेगळे. बारीक काडी आणि जाड दांडी यांचे दोन आवाज, आणि त्या दोघींची वाजण्याची जागाही वेगळी. शिवाय ते शेकून घ्यावे लागते. जाळावर धरले की कातड्यातला ओलावा उडतो, कातडे ताणते आणि आवाज कडक होतो. वैशाखात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हाचे डफडे आणि श्रावणात पोळ्याच्या दिवशी वाजणारे डफडे, दोन्हींचा स्वर एक नसतो. ध्वनिसंच करणाऱ्याने कोणत्या ऋतूचा आवाज धरायचा हे आधी ठरवावे.

असा आवाज तयार मिळत नसेल तर तो आपणच मुद्रित करणे हाच खरा मार्ग. गावात त्यासाठी एक अस्सल जागा असते : वेचणी होऊन कापसाने भरलेली खोली. कापूस आवाज शोषतो, भिंतींचा प्रतिध्वनी येत नाही आणि थाप कोरडी, स्वच्छ मिळते. पहाटे, कृषिपंप आणि थ्रेशर सुरू होण्याआधी, पंखा बंद करून काम करावे. मोबाइलवर मुद्रण करायचे तर आवाजाची पातळी आपोआप बदलणारी आणि गोंगाट गाळणारी सोय आधी बंद करावी. ती हलकी थाप वर उचलते, जोरकस थाप दाबते आणि हाताचा जोरच पुसून टाकते. प्रत्येक थापेचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबावे. सहा बोल, प्रत्येक बोल चार जोरांत आणि प्रत्येक जोर चार वेळा, असे धरले तर ९६ तुकडे होतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत ते कापण्याचे काम चिकाटीचे आहे, अवघड नाही.

एकच थाप चार वेळा घेण्याला कारण आहे. संगणक एकच तुकडा पुन्हापुन्हा वाजवतो तेव्हा द्रुत लयीत बंदुकीच्या फैरीसारखा यांत्रिक आवाज येतो. तुकडे आळीपाळीने वाजले की हा दोष जातो. एसएफझेड या साध्या मजकुरी स्वरूपात अशी पाळी लिहून ठेवता येते. एसएफ२ या जुन्या साउंडफाँट स्वरूपात जोराप्रमाणे थर लावता येतात, नाद तोडता येतो, पण पाळीची सोय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या म्यूझस्कोर ४ ला एसएफ२ थेट चालते. एसएफझेडसाठी स्फिझसारखे मोफत व्हीएसटी३ वाद्य (प्रणालीला बाहेरून जोडायचे संगणकीय वाद्य) जोडावे लागते. प्रणालीच्या ड्रमसेट संपादकात प्रत्येक किल्लीला नाव, रेघ आणि स्वरचिन्हाचा आकार देता येतो. स्वरांखाली गीताच्या ओळीत देवनागरी बोल लिहावेत, म्हणजे पाच रेघा न वाचणारा ढोलकीवालाही चूक दाखवू शकतो. त्याने दाखवलेली चूक बहुधा खरी असते.

आवाज जुळला तरी चाल उरतेच. बहुतेक प्रणालींत काळ आणि जोर थोडे विस्कटून देण्याची सोय असते, पण ती आंधळेपणाने वापरली तर ठेका सैल पडतो. कसलेल्या वादकाचे मागेपुढे होणे यादृच्छिक नसते. प्रत्येक आवर्तनात तो त्याच मात्रेवर किंचित रेंगाळतो आणि त्याच ठिकाणी भरून काढतो. म्यूझस्कोर एका पाव स्वराचे (क्वार्टर नोट या कालमापाचे) ४८० भाग करतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, पाव स्वर म्हणजे एक मात्रा धरली तर, एक भाग साधारण एक मिलिसेकंदाचा. एवढ्या बारकाईत वादकाच्या ध्वनिमुद्रणावरून त्याची सवय मोजता येते आणि तशीच मांडता येते. डोरिकोमध्ये कागदावरचे लेखन न हलवता वाजण्याचा क्षण सरकवता येतो, ते या कामी फार सोयीचे आहे.

भजनातल्या टाळांना वेगळी काळजी लागते. एकाच टाळाचा तुकडा दोन रेघांवर लिहून एकाच क्षणी वाजवला तर दोन टाळ ऐकू येत नाहीत, एकच टाळ सहा डेसिबलने मोठा होतो. वेगवेगळ्या टाळांचे मुद्रण आणि काही मिलिसेकंदांचे अंतर, दोन्ही हवे.

शेवटी घुमारा. प्रणालीत बहुधा सभागृहाचा प्रतिध्वनी आधीच लावलेला असतो. सभामंडपातल्या मृदंगाला तो थोडा चालतो. वरातीतले डफडे उघड्या रस्त्यावर वाजते, त्याला तो लावला की वरात रिकाम्या गोदामात शिरल्यासारखी वाटते. मिश्रकात (मिक्सरमध्ये) तो पार खाली आणावा.

१९८८ पासून चालत आलेल्या फिनाले या प्रणालीचा विकास २०२४ मध्ये थांबला. एकाच प्रणालीत अडकलेला ध्वनिसंच अशा वेळी हातचा जातो. म्हणून कापलेले मूळ वेव्ह तुकडे आणि कोणती किल्ली कोणत्या बोलाची याचा साधा मजकुरी तक्ता वेगळा जपावा, आणि त्याच तक्त्यात गाव, महिना, कातडे कशाचे आणि ते शेकले होते की नाही हेही लिहून ठेवावे.