मदत घेणारे बहुतेक व्यसनी असतात?

‘अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्याची आधी ड्रग टेस्ट होते. बहुतेक जण नापास होतात आणि सरकारचे पैसे वाचतात. आपल्याकडेही हे सुरू करा.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. वाचताना पटतो, कारण कराचा पैसा कुणी नशेत उडवावा असं कुणालाच वाटत नाही.

अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्याने राज्यांना अशी चाचणी घ्यायची मुभा दिली, सक्ती केली नाही. फ्लोरिडाने मात्र २०११ मध्ये रोख मदत मागणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायला घेतली. नापास झाल्यास वर्षभर मदत बंद. व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण केले, तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज. कोर्टाने चार महिन्यांत हे थांबवलं, पुढे कायदाच घटनाबाह्य ठरला.

त्या चार महिन्यांत ४,०८६ जणांची चाचणी झाली, नापास १०८. भागाकार करून बघा: शेकडा २.६. त्यातही बरेचसे गांजाचे.

‘व्यसनी लोक घाबरून आलेच नसतील,’ ही शंका रास्त आहे. चाचणी रद्द करणारे ४० होते. ते सगळे व्यसनी धरले तरी आकडा शेकडा ४ च्या आतच राहतो.

आणि बचत? चाचणीचे साधारण ३० डॉलर अर्जदार आधी स्वतः भरायचा, पास झाला की सरकार परत करायचं. असे सुमारे १ लाख १८ हजार डॉलर गेले. नापासांची मदत रोखून वाचले त्याहून जास्त!

पुढच्या वेळी मेसेज आला, तर एवढंच विचारा: तपासले किती, सापडले किती, बिल कुणी भरलं?