मुंबईची तिजोरी आणि मंत्रालयाची किल्ली

मुंबईत निधीवाटपावरून वाद पेटला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. सत्तेतले म्हणतात, आम्ही विकासात राजकारण आणत नाही. बाहेरचे म्हणतात, आम्हाला सावत्रपणाची वागणूक मिळते. २०१९ पासून राज्यातली सत्ता इतक्या वेळा फिरली की ही दोन्ही वाक्ये जवळपास सगळ्याच पक्षांची म्हणून झाली आहेत. वाद मात्र त्याहून फार जुना आहे.

१८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पालिका आयुक्त झाले. बाजार, रस्ते, गटारे यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला. शहराला वळण लागले, पण करदाते खवळले आणि १८७१ मध्ये एका माणसाच्या हाती एवढा कारभार नकोच, असा सूर निघाला. तेव्हा तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी वेगळेच मत मांडले. कारभार एकाच अधिकाऱ्याकडे राहू द्या, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला लोकांनी निवडलेली माणसे बसवा. १८७२ चा कायदा आणि नंतर १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा याच रचनेवर उभा राहिला. तो आजही लागू आहे. आयुक्त सरकारने पाठवायचा, खर्चाला मंजुरी सभागृहाने आणि स्थायी समितीने द्यायची. महापौरांच्या वाट्याला मानाची खुर्ची आणि लाल दिव्याच्या आठवणी. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा, म्हणजे ‘मेयर इन कौन्सिल’चा प्रयोग झाला, पण पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला.

राज्यात ‘न्याय्य वाटप’ हा शब्द मुंबईसाठी क्वचितच वापरला गेला. १९५३ च्या नागपूर करारात तो विदर्भासाठी आला, राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी आला. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट मोजली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. या सगळ्या हिशेबात मुंबई म्हणजे पैसे देणारे शहर. त्याला काय कमी पडणार, हीच सर्वसाधारण समजूत. पालिकेचा अर्थसंकल्प काही छोट्या राज्यांपेक्षा मोठा असल्याने ती फारशी चुकीचीही वाटत नसे.

पालिका ताठ मानेने वागू शकत होती ती मुख्यतः जकातीमुळे. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथल्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि रोज रोख पैसा तिजोरीत पडे. राज्यातल्या इतर महापालिकांतून जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग तोही बहुतांशी गेला. मुंबईत जकात शेवटपर्यंत टिकली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि नाके बंद झाले. वर्षाला सात हजार कोटींच्या घरात जाणारे उत्पन्न एका रात्रीत राज्य सरकारकडून येणारी भरपाई बनले.

त्या वेळी राज्यात भाजपच्या नेतृत्वाखालचे सरकार होते आणि पालिकेत शिवसेना. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत सेनेला ८४, भाजपला ८२ जागा मिळाल्या होत्या. एका सरकारात बसून एकमेकांचे पाय ओढणे चालू होते. पालिकेने महिन्याच्या महिन्याला मंत्रालयाच्या दारात उभे राहायचे का, असा सेनेचा सवाल होता. त्यातून भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला, दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ ठरली आणि जुलैत ६४७ कोटी ३४ लाखांचा पहिला धनादेश समारंभाने सुपूर्द झाला. समारंभाची तेव्हा बरीच थट्टा झाली. मला मात्र या सगळ्या इतिहासात तेवढीच गोष्ट नीट झाल्यासारखी वाटते. आकडा सूत्रात बांधला गेला, म्हणून पुढे सरकारे बदलली तरी पालिकेला त्यासाठी कुणाची मनधरणी करावी लागली नाही. जिथे असे सूत्र नव्हते तिथे, उदाहरणार्थ प्राथमिक शिक्षणाच्या अनुदानात, राज्याकडची थकबाकी वर्षानुवर्षे अर्थसंकल्पाच्या भाषणात नुसती वाचली जाते.

पालिकेच्या आतही सगळे आलबेल नव्हतेच. अर्थसंकल्पातला काही निधी स्थायी समितीच्या मार्फत नगरसेवकांच्या प्रभागांना जाई. त्यात सेनेच्या प्रभागांना झुकते माप मिळते, ही भाजपच्या नगरसेवकांची नेहमीची तक्रार. पण ती तक्रार करायला निदान सभागृह होते.

७ मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली. निवडणूक लांबली, आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे मेहतांच्या रचनेतला पहारेकरी गेला आणि तिजोरीवाला तेवढा उरला. जूनमध्ये राज्यातले सरकारही बदलले. नगरसेवक नाहीत तर प्रभागातली कामे सुचवणार कोण, या प्रश्नावर फेब्रुवारी २०२३ मध्ये तोडगा निघाला: मुंबईच्या ३६ विधानसभा मतदारसंघांना प्रत्येकी ३५ कोटींपर्यंत निधी, एकूण तरतूद १,२६० कोटी. आमदाराने पालकमंत्र्यांना पत्र द्यायचे, तिथून ते पालिकेकडे जायचे. पैसा पालिकेचा, पण वाट मंत्र्यांच्या टेबलावरून.

जानेवारी २०२४ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रे छापली. डिसेंबर २०२३ पर्यंत सत्ताधारी आघाडीच्या २१ आमदारांच्या मतदारसंघांना सुमारे ५०० कोटी मंजूर झाले होते. विरोधातल्या १५ पैकी ११ आमदारांनी मागणी केली होती, मिळाले काहीच नाही. शहर विरुद्ध राज्य हा जुना झगडा अशा रीतीने मतदारसंघ विरुद्ध मतदारसंघ इथवर उतरला. मालाडच्या गटाराला पैसे मिळतील की नाही, हे मालाडने कुणाला निवडून दिले यावर ठरते की काय, अशी शंका उघडपणे घेतली जाऊ लागली.

जोगेश्वरी पूर्वचे तेव्हाचे ठाकरे गटाचे आमदार रवींद्र वायकर राज्याच्या निधीवाटपातल्या भेदभावाची तक्रार घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. मार्च २०२४ मध्ये ते शिंदे गटात गेले आणि त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक ४८ मतांनी जिंकले. पालिकेला नगरसेवक मिळायला मात्र जानेवारी २०२६ उजाडावा लागला.