शेअर करणे आणि स्वतः निर्माण करणे

रंकाळ्याच्या सूर्यास्ताचा आलेला फोटो पाच ग्रुपवर पाठवणारा, स्टेटस बदलणारा, दिसेल त्या रीलला बदाम देणारा माणूस आपण इंटरनेटवर खूप काही करतो असे मानतो. त्याचा वेळ आणि उत्साह दोन्ही खरे असतात, पण त्यातून आधीच असलेल्या गोष्टीच्या प्रती तेवढ्या वाढतात. निर्मिती म्हणजे आपण केली नसती तर कुठेच सापडली नसती अशी गोष्ट तयार करणे. ती किती जणांनी पाहिली, हा प्रश्न माझ्या मते त्यानंतरचा आहे.

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर दोघे जण गेले आहेत असे समजा. पहिला काहिलीवरच्या, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईवरच्या वाफेचे पंधरा सेकंदांचे चित्रण करून त्यावर गाजलेले गाणे चढवतो. ते अगदीच फुकट नाही, कारण जागा आणि क्षण त्याने निवडलेला असतो. दुसरा मात्र गुळव्याजवळ, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराजवळ थांबतो, रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीचे पाणी केव्हा घालायचे हे विचारतो, आणि उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का हे तो कसे पाहतो, ते त्याच्या परवानगीने त्याच्याच बोलीत रेकॉर्ड करतो. हाताला कळणारी ही खूण फॉरवर्ड करून मिळत नाही, त्यासाठी चुलवाणाची धग सोसत उभे राहावे लागते.

पाहणे आणि निर्माण करणे यांचे वैर मात्र नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ असलेले दोघेही आधी प्रेक्षकच होते. चित्रपट पाहून त्यांना तो करावासा वाटला. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

आज कॅमेरा खिशात असतो, तेव्हा प्रश्न उरतो तो केलेले काम कुठे ठेवायचे याचा. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही लिहू शकतो, परंतु तिथे प्रकाशित संदर्भ लागतो, त्यामुळे गुळव्याचे केवळ तोंडी सांगणे लेखात घालता येत नाही. त्याचे ते रेकॉर्डिंग मात्र विकिमीडिया कॉमन्स या फोटो, ध्वनी आणि चित्रफितींच्या मुक्त भांडारात, इतरांना वापरू देणाऱ्या मुक्त परवान्याखाली चढवता येते, आणि मग उद्या गुळावर लिहिणाऱ्या कोणालाही ते श्रेय देऊन वापरता येते.