एलएनसीआरएनए पेशीत नेमके असतात कुठे?

२०० न्यूक्लिओटाइडांपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांपेक्षा) लांब, पण ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही अशा आरएनएंना एलएनसीआरएनए म्हणतात. ते बहुतेक केंद्रकातच असतात, असा समज बराच काळ टिकून होता. गंमत म्हणजे या इतिहासाची सुरुवात केंद्रकाबाहेर झाली. १९९० मध्ये जीवशास्त्रज्ञ शर्ली टिल्घमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरातला एच१९ हा आरएनए अभ्यासला. तो केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात सापडला, पण प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांना चिकटलेला नव्हता. म्हणजे बाहेर येऊनही त्याच्यापासून प्रथिन बनत नव्हते.

मग केंद्रकाचा समज रुजला कशाने? माझ्या मते, 'झिस्ट'मुळे. स्त्रियांच्या पेशींतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, आणि १९९१ मध्ये सापडलेला हा आरएनए त्याच निष्क्रिय गुणसूत्रावरून तयार होतो. ठरावीक आरएनएला चिकटणारे चमकणारे प्रोब (शोधक तुकडे) वापरून पाहिल्यावर तो त्या गुणसूत्राला रंग फासावा तसा व्यापून बसलेला दिसला. असे चित्र एकदा पाहिले की बाकीचेही तसेच असणार, असे वाटणे स्वाभाविकच.

पुढची उदाहरणेही त्याच बाजूची निघाली. मॅलॅट१ केंद्रकातल्या स्पेकल नावाच्या ठिपक्यांत आढळला. नीट१ तर पॅरास्पेकल या रचनेचा सांगाडाच आहे, तो काढला की रचना उभी राहत नाही, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. मॅलॅट१ची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याच्या टोकाकडून कापला जाणारा टीआरएनएसारखा (प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या आरएनएसारखा) छोटा तुकडा पेशीद्रवात जातो आणि मोठा भाग केंद्रकातच राहतो. एकाच जनुकाचे दोन पत्ते!

मानवी जनुकसंचातले कार्यरत भाग शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने २०१२ मध्ये एमआरएनएच्या (प्रथिनाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएच्या) तुलनेत एलएनसीआरएनएंचा कल केंद्रकाकडे असल्याचे दाखवले. पण कल म्हणजे नियम नव्हे. २०१५ मध्ये एकेक रेणू मोजण्याच्या पद्धतीने ६१ एलएनसीआरएनए तपासले गेले, तेव्हा काही केंद्रकात एकवटलेले, काही दोन्हीकडे विखुरलेले, तर काही मुख्यतः पेशीद्रवात दिसले. पुढच्याच वर्षी नोराड हा एलएनसीआरएनए समोर आला. तो पेशीद्रवात प्युमिलिओ प्रथिनांना अडकवून ठेवतो आणि त्याच्याअभावी गुणसूत्रांची संख्या बिघडते.

त्यानंतर प्रश्न 'कुठे'वरून 'कशामुळे'कडे वळला. २०१८ मध्ये जनुकसंचात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अलू या क्रमाशी जुळणारा, ४२ न्यूक्लिओटाइडांचा एक तुकडा सापडला. तो जोडला की दुसरा आरएनएही केंद्रकात साचू लागतो, कारण एचएनआरएनपीके हे प्रथिन त्याला धरून ठेवते. मात्र केंद्रकातल्या सगळ्याच एलएनसीआरएनएंत हा तुकडा नसतो.