वाळवंटात ८० टक्के शेतजमीन?

सौदी अरेबियाची किती जमीन शेतीच्या खात्यात असेल? वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर आणून आपण २-४ टक्के म्हणू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात मात्र तिथली ‘कृषी जमीन’ सुमारे ८० टक्के आहे. तांबड्या समुद्रापलीकडच्या इजिप्तमध्ये नाईलच्या गाळावर हजारो वर्षं शेती चालली आहे. त्याच्या वाट्याला त्याच रकान्यात जेमतेम ४ टक्के.

ही छपाईची चूक नव्हे. या तक्त्यातल्या कृषी जमिनीचे तीन भाग असतात. हंगामी पिकांची, नांगराखालची जमीन हा पहिला. पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड टाकलेलं रानही त्यातच धरतात. दुसरा भाग चहा, कॉफी, फळबागा अशा एकदा लावून वर्षानुवर्षं उत्पन्न देणाऱ्या पिकांचा. तिसरा कायमच्या कुरणांचा, मग गवत पेरलेलं असो वा आपोआप उगवलेलं. सौदीतली खुरटी झुडपं जिथे उंट-शेळ्या चरतात, ती सगळी जमीन या तिसऱ्या भागात जाते. नांगराखाली तिथे २ टक्केसुद्धा नाही. इजिप्तचं वाळवंट कुरण म्हणून नोंदलेलंच नाही, त्यामुळे ते ‘इतर’मध्ये पडतं.

जगाची बेरीजही अशीच फसवी आहे. कृषी जमीन सुमारे ४८० कोटी हेक्टर, म्हणजे भूभागाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. पण तिचा जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा कुरणांचाच.

जंगलाची व्याख्या तर आणखी मजेशीर. अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठा तुकडा, पाच मीटरपेक्षा उंच झाडं आणि जमिनीच्या १० टक्क्यांहून जास्त भागावर त्यांची सावली, एवढं जमलं की जंगल. मात्र मुख्य वापर शेतीचा किंवा वस्तीचा नको. म्हणून रबराची लागवड जंगलात मोजतात आणि तेलताडाची शेतीत, दोन्हीकडे झाडं ओळीने लावलेली असली तरी! उलट, लाकडासाठी तोडून उघडा केलेला डोंगर पुन्हा झाडांखाली येणार असेल, तर एकही झाड उभं नसताना तो कागदावर जंगलच राहतो.

इथे ‘जमिनीवर काय आहे’ आणि ‘जमीन कशासाठी आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला भू-आच्छादन म्हणतात, दुसऱ्याला भूवापर. १९७२मध्ये जमिनीची आकाशातून पाहणी करणारा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला तेव्हापासून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होत गेलं. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परतवतात. या दोन्हींतल्या फरकावरून झाडोरा कुठे आणि किती दाट, हे कळतं. पण गाईंचं कुरण, विमानतळाच्या धावपट्टीकडेचं गवत आणि गोल्फचं मैदान वरून जवळपास सारखंच दिसतं. गवत कोणासाठी वाढतंय हे प्रकाश सांगत नाही. त्यासाठी शेतीची गणना लागते, दप्तरं लागतात, बांधावर जाऊन विचारणारा माणूस लागतो.

जगाच्या भूभागात शहरांचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फारच लहान, साधारण १ ते ३ टक्के, मोजण्याच्या पद्धतीनुसार कमीजास्त. टोचणारी बाब अशी की गावं जिथे धान्य आणि पाणी होतं तिथेच वसली, त्यामुळे वाढताना ती बहुधा उत्तम मातीच गिळतात.

टक्केवारी कशाची, हेही तपासावं. फिनलंडमध्ये जंगल ७३ टक्क्यांच्या आसपास, पण ते कोरड्या जमिनीच्या हिशेबाने. तळ्यांसकट देशाचं एकूण क्षेत्रफळ धरलं तर आकडा दोन तृतीयांशावर येतो. जंगल तेवढंच, छेद बदलला.

आणि एका शेतात वर्षाला दोन-तीन पिकं निघत असतील, तर जमीन तक्त्यात एकदाच मोजली जाते. पिकांखालचं क्षेत्र वेगळं मोजतात, तिथे मात्र प्रत्येक पीक स्वतंत्र धरतात. म्हणूनच बांगलादेशात ते क्षेत्र लागवडीच्या जमिनीच्या दुपटीच्या आसपास भरतं.