फ्लॅश पडेना? आधी टेस्टचं बटण दाबा

वैशाखातलं लग्न, दारापुढं टिनाचा मांडव, वऱ्हाड पाचशेचं. नवरदेव-नवरीवर बाजूनं उजेड पडावा म्हणून फोटोग्राफर एक फ्लॅश स्टँडवर लांब उभा करतो आणि कॅमेऱ्यावर वायरलेस ट्रिगर, म्हणजे लांबूनच फ्लॅश पाडणारं यंत्र, चढवतो. हळदीला सगळं नीट चालतं. अक्षता पडू लागल्या, की पाचातले दोन फोटो काळे! हात लगेच सेलकडे जातो. पण बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी काहीच बदलू नये. सेल, चॅनल, जागा सगळं एकदम बदललं तर कशानं काम झालं हे पुढच्या लग्नातही कळत नाही.

शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडला, की हॉट-शूच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर ट्रिगर बसवायच्या खाचेच्या, मधल्या पिनेचं कनेक्शन जुळतं. ट्रान्समीटर, म्हणजे कॅमेऱ्यावरचा ट्रिगर, हे ओळखतो आणि चॅनल-ग्रुपचा कोड हवेत सोडतो. फ्लॅशकडच्या रिसिव्हरला तो कोड आपला वाटला, तर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज झेनॉनच्या नळीतून जाते. ट्रान्समीटरवरचं टेस्टचं बटण ही साखळी बरोबर मधून तोडतं, म्हणून सुरुवात तिथून.

टेस्ट दाबल्यावर फ्लॅश पडतो, पण शटर दाबल्यावर नाही? मग रेडिओ, रिसिव्हर, सेल सगळे निर्दोष. दोष कॅमेरा आणि ट्रिगर यांच्या मधला. ट्रिगर शूमध्ये शेवटपर्यंत सरकवून कडी आवळा. हळदीच्या कार्यक्रमात तेलकट पिवळी बोटं कॅमेऱ्याला लागतात आणि पिनांवर पातळ थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कानकाडीचा बोळा त्यावर फिरवला की पुरे. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल, तर बहुतेक मॉडेल्समध्ये फ्लॅशला हुकूमच जात नाही. आणि कॅननच्या 1500डी, 3000डी, 200डी मार्क-2 अशा स्वस्त मॉडेल्समध्ये शूची मधली पिनच काढून टाकलेली आहे. तिथे साधा, कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला बसणारा ट्रिगर चालणारच नाही. कॅननसाठी बनवलेला टीटीएल ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलून फ्लॅशचा उजेड ठरवणारा, लागतो. ट्रिगर खराब म्हणून दुकानात परत नेण्याआधी शूच्या मधोमध धातूचा गोल ठिपका आहे का, ते बघा.

टेस्टनंही पडत नसेल तर फ्लॅश दोन मीटरवर आणा. चॅनल, ग्रुप आणि असल्यास वायरलेस आयडी दोन्हीकडे तोच हवा. फ्लॅश झोपी गेला असेल तर मेनूतला ऑटो-ऑफ बंद करा. फ्लॅश चुकून ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे एस-1 किंवा एस-2 वर असेल, तर तो रेडिओ ऐकतच नाही, नुसता दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघतो. मग गावभरच्या पाहुण्यांच्या फ्लॅशवर तो पडत राहतो आणि तुमच्या शटरवर गप्प! उलटी तक्रारही असते: लांबून चालतो, हातभर अंतरावर नाही. अगदी जवळ सिग्नल इतका जोरकस असतो, की काही रिसिव्हर गोंधळतात. गोडॉक्स कंपनीच्या बऱ्याच ट्रिगरमध्ये त्यासाठी 0–30 मीटर अशी वेगळी सेटिंग आहे.

दोन मीटरवर चालतो आणि गर्दीत बंद पडतो, तेव्हा खरा प्रश्न रेडिओचा. आजचे बहुतेक ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. लहर साधारण 12.5 सेंटिमीटरची. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, आणि या लहरींना पाणी चांगलंच गिळतं. म्हणजे स्टेजसमोर उभं राहिलेलं वऱ्हाड हीच भिंत. अँटेनांनी एकमेकींना बघणं एवढंही पुरत नाही. 20 मीटर अंतर असेल तर वाटेच्या मधोमध चहूबाजूंनी 80 सेंटिमीटरच्या आसपास जागा मोकळी लागते. म्हणून स्टँड आठ फुटांवर चढवा, रिसिव्हर फेट्यांच्या वर राहू द्या.

टिनाच्या मांडवात आणखी एक गंमत होते. पत्र्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीला नेमक्या एखाद्या जागी मारते. तिथे सिग्नल जवळजवळ शून्य, आणि तीन-चार सेंटिमीटर बाजूला पुन्हा चांगला. स्टँड वीतभर सरकवून बघा. फुकटचा उपाय आहे आणि अनेकदा लागू पडतो. ड्रोनचा रिमोट, लाइव्ह प्रक्षेपणाचा राउटर, वायरलेस माइक हेही बहुधा याच पट्ट्यातले. चॅनल बदला, ट्रिगरमध्ये स्कॅनची सोय असेल तर मोकळा चॅनल त्यालाच शोधू द्या. राउटर ट्रिगरपासून लांब ठेवायला सांगा.

फ्लॅश पडला, पण फोटोत एका बाजूला काळा पट्टा? ट्रिगर ठीक आहे, शटर जास्त वेगात आहे. सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, 1/200 सेकंद असला तरी स्वस्त ट्रिगर कोड पाठवण्यात थोडा वेळ खातो, तेवढ्यात शटर झाकणारा दुसरा पडदा निघतो. 1/160 वर या.

सेलची पाळी आता. फ्लॅशला चार चांगले निकेल-मेटल-हायड्राइड सेल द्या. व्होल्टेज 1.2 असलं तरी आतला रोध कमी, म्हणून ते 1.5 व्होल्टच्या अल्कलाइनपेक्षा फ्लॅश लवकर भरतात. चारात एक थकलेला मिसळू नका. बाकीचे तिघे त्याला उलटा चार्ज करतात. पारा 45 च्या वर असताना फुल पॉवरवर सलग फोटो काढले, तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो. तो बिघाड नव्हे. पॉवर 1/4 वर आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवा.

लग्नसराई संपली की सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून सेलच्या खणातल्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरा खार चढला असेल, तर बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा, मग अल्कोहोलनं पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला.