माईकला आवाज ते आवाजाला माईक : स्टुडिओतल्या निवडीची पार्श्वभूमी

हल्ली नवीन गायक-गायिका स्टुडिओत आल्या आल्या विचारतात, "माझ्या आवाजाला कुठला माईक सूट होईल?" प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारायची सोय तशी अलीकडची, रेकॉर्डिंगच्या इतिहासात निम्म्याहून जास्त काळ आपल्याकडे उलटाच कारभार होता. यंत्र एक, ते काही बदलायचं नाही, आवाजानेच त्याच्याशी जमवून घ्यायचं, आणि ज्याचं जमलं नाही त्याची रेकॉर्ड निघायची नाही. आज आपण 'चांगला आवाज' म्हणतो त्यातलं बरंच काही त्या जमवून घेण्यातून ठरलंय, म्हणून ही मागची गोष्ट माहिती हवी असं मला फार वाटतं.

१९०२ च्या नोव्हेंबरात रेकॉर्डिस्ट फ्रेड गाईसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यात आला आणि त्याने गायिका गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं. तेव्हा माईक नव्हताच. मोठा भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि ती सुई मेणाच्या तबकडीत रेघ खोदणार. मधे वीज नाही, अँप्लिफायर नाही, म्हणजे सुई हलवायची सगळी ताकद गाणाऱ्याच्या छातीतूनच यायची. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं) एवढंच त्यात उमटायचं. खर्जाचा भारदस्तपणा गेला आणि वरचे 'स', 'श' पण गेले, उरला तो मधला भाग. तार सप्तकात गायक मागे सरकायचा, खाली आला की परत भोंग्याजवळ, नाहीतर सुई उडायची किंवा काहीच उमटायचं नाही. अशा यंत्रापुढे टोकदार, खणखणीत, वरच्या पट्टीतला आवाज टिकला. आपल्या संगीत नाटकातल्या मंडळींना हे तसं सोपं गेलं असणार, पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत माईकशिवाय आवाज पोचवायची त्यांना सवयच होती.

हळुवार गाणाऱ्यांचं मात्र नुकसान झालं. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या १९०५ च्या सुमाराच्या भोंग्यासमोरच्या रेकॉर्ड ऐका आणि मग १९३० च्या दशकातल्या माईकसमोरच्या ऐका. वयाचा फरक आहे, गाण्यातलाही आहे, पण दुसऱ्या रेकॉर्डमध्ये तो बारीक सुरेल आवाज कसा झिरपत जातो, स्वर सोडतानाची ती शेवटची धार कशी ऐकू येते ते बघा. भोंग्याने हे सगळं गिळून टाकलं होतं.

हा बदल कशाने झाला तर विजेने. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या ई. सी. वेंटने १९१६ मध्ये कंडेन्सर माईक (विजेचा भार दिलेल्या पातळ पडद्यावर चालणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा) बनवला होता. १९२५ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन्ही कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी रेकॉर्डिंगची पद्धत घेतली आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्याकडेही आली. आता आवाज बारीक असला तरी तो मोठा करता येत होता. अमेरिकेत यातून बिंग क्रॉस्बीसारखे, जवळ बसून कानात गुणगुणल्यासारखं गाणारे गायक पुढे आले. आपल्याकडे काय झालं? माझ्या मते मराठी भावगीत झालं. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' रेकॉर्डवर आणली, मग गजाननराव वाटवे आले, पुढे अरुण दाते. आता यातला कुठला आवाज भोंग्यासमोर टिकला असता? भावगीताच्या इतिहासात कवी आणि संगीतकारांबद्दल भरभरून लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे, पण त्या खोलीत मधोमध उभ्या असलेल्या माईकचं नाव कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

या काळातला मोठा माईक म्हणजे रिबन. अमेरिकेत आरसीए कंपनीत हॅरी ऑल्सनने तो व्यवहारात आणला, १९३० च्या दशकातला त्यांचा ४४ हा माईक तुम्ही जुन्या फोटोंमध्ये शंभरदा बघितला असेल, तो औषधाच्या कॅप्सूलच्या आकाराचा, मोठा, आडव्या पट्ट्या असलेला. आत लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये अॅल्युमिनियमची घडीदार पट्टी लटकवलेली असते, जाडी फक्त काही मायक्रॉन, नुसती फुंकर मारली तरी ताणून कामातून जाते. म्हणून जुने रेकॉर्डिस्ट नवख्याला माईकला हात लावू द्यायचे नाहीत ते उगाच नाही. रिबन वरच्या फ्रिक्वेन्सीला मऊ असतो, चिरका आवाजही त्यावर गोलसर होऊन येतो. आणि जवळ गेलात की बेस फुगतो, जो दिशा धरून ऐकणाऱ्या सगळ्याच माईकचा गुण आहे, पण रिबनमध्ये फारच. ४४ च्या आतली जोडणी बदलून हा बेस कापायची सोय ठेवलेली होती, एक जोडणी संगीतासाठी आणि बाकीच्या बोलण्यासाठी. म्हणजे माणसाप्रमाणे माईक जुळवायचा हा विचार तिथे सुरू झालेला दिसतो, फक्त माईक बदलून नाही, त्याच माईकच्या आतल्या तारा बदलून.

मुंबईच्या सिनेमा रेकॉर्डिंगमध्ये मात्र बराच काळ अंतर हेच एकमेव हत्यार होतं. गायक, वादक सगळे एका हॉलमध्ये, टेक एकच, कुणी चुकलं की पहिल्यापासून, द्वंद्वगीताला दोघं एकाच माईकवर. १९४९ च्या 'महल'मधलं ते गाजलेलं गाणं आठवा, सुरुवातीचा आवाज लांबून येतो असं वाटायला हवं होतं, तर लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत आल्या. आज आपण हे रिव्हर्बचं (खोलीतल्या घुमाऱ्याचं) बटण फिरवून करतो. आणि अजून एक, तेव्हा आवाज फिल्मवर प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात उमटायचा, त्यात जोरदार 'स' आला की तो फाटायचा, आणि थिएटरमध्येही वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम कापलेल्या असायच्या. अशा साखळीतून जाऊनही शब्द न् शब्द कळावा यासाठी आवाज बारीक, नेमका आणि मधल्या भागात भरलेला हवा. लताबाईंच्या आवाजाने पार्श्वगायनाची चव बदलली याचं श्रेय त्यांच्या सुराला आणि मेहनतीलाच, पण त्यांचा आवाज त्या यंत्रसाखळीला जितका मानवला तितका क्वचितच कुणाचा मानवला असेल. तलत महमूदच्या आवाजातलं ते बारीक कंपन पण माईकनेच लोकांपर्यंत नेलं, हॉलमध्ये नुसतं ऐकलं असतं तर पाचव्या रांगेत पोचलं नसतं.

खरी निवड सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्मनी-ऑस्ट्रियात. बर्लिनमध्ये गिओर्ग नॉयमनने १९२८ मध्येच कंपनी काढली होती, १९४९ मध्ये त्यांचा यू ४७ आला. मोठा डायफ्रॅम (आवाजाने हलणारा पडदा), आत आवाज मोठा करणारी टेलिफुंकेनची व्हीएफ१४ ट्यूब (काचेचा व्हॉल्व्ह), आणि एक स्विच, समोरचंच ऐकायचं की चारी बाजूंचं ते ठरवायला. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा कॅपिटॉल कंपनीच्या रेकॉर्डमधला आवाज याच माईकचा, लंडनच्या ईएमआय स्टुडिओतही हाच. त्याचा मधला भाग थोडा पुढे येतो, खालचा भाग जाडसर, म्हणून पुरुषी, छातीतून येणारा आवाज यावर राजासारखा वाटतो. १९५३ मध्ये व्हिएन्नाच्या एकेजीने सी १२ काढला, त्याचा वरचा भाग मोकळा, हवेशीर. आता एकाच स्टुडिओच्या कपाटात स्वभावाने वेगळे दोन-तीन माईक दिसायला लागले आणि मग रेकॉर्डिस्ट गायकाला थोडं गाऊन दाखवायला सांगून ठरवू लागला की आज कुठला लावायचा. ती व्हीएफ१४ ट्यूब पुढे बनायची बंद झाली, नॉयमनने १९६० मध्ये यू ६७ आणला आणि १९६७ मध्ये ट्यूब नसलेला यू ८७, जो आजही मोठ्या स्टुडिओत पहिल्यांदा स्टँडवर चढतो.

डायनॅमिक माईकला (चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, दणकट) मात्र गाण्याच्या स्टुडिओत बरीच वर्षं दुय्यम वागणूक मिळाली. शुअरचा एसएम५८ १९६६ चा, तो स्टेजचा, ऑर्केस्ट्रावाल्यांचा समजला जायचा. मग १९८२ मध्ये मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आला आणि त्यातलं मुख्य गायन रेकॉर्डिस्ट ब्रूस स्वीडिनने शुअरच्याच एसएम७ या डायनॅमिक माईकवर घेतलं होतं. कपाटात एकापेक्षा एक महागडे कंडेन्सर असलेल्या माणसाने हा माईक निवडला कारण झटके देत, ताल दाबून गाणारा आवाज त्यावर आवरलेला आणि घट्ट येत होता. माईकच्या निवडीवर बोलताना हे उदाहरण मी सगळ्यात आधी देतो.

आता आपल्या काळातली अडचण, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या रोडसारख्या कंपन्यांनी कंडेन्सर सामान्य माणसाच्या खिशात आणला, मागोमाग चिनी कारखान्यातले माईक आले आणि घरोघरी स्टुडिओ झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण यातल्या कितीतरी माईकमध्ये यू ६७ च्या कॅप्सूलची (आवाज टिपणाऱ्या आतल्या भागाची) नक्कल असते. त्या कॅप्सूलचा वरचा भाग, आठ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास, मुळातच चढा आहे, आणि नॉयमनने तो सर्किटमध्ये मुद्दाम खाली आणला होता. स्वस्त माईकमध्ये कॅप्सूल घेतली, ते सर्किट घेतलंच नाही. त्यात टेप आणि विनाइलची तबकडी हा वरचा भाग थोडा खायचे, कॉम्प्युटर काहीच खात नाही. मग काळी चारच्या पट्टीत गाणारी मुलगी, बारीक स्वच्छ आवाज, असा माईक लावते आणि प्रत्येक 'स', 'च', 'छ' सुईसारखा टोचतो, आणि बिचारी समजते की आपलाच आवाज वाईट. आवाज वाईट नसतो हो, माईक चुकलेला असतो. रिबन माईक १९९० च्या दशकाच्या शेवटी परत आले, रॉयरचा आर-१२१ १९९८ चा, त्यामागे हेच कंटाळणं होतं.

म्हणून निवडताना किंमत आणि नाव नंतर, आधी आवाजात काय जास्त आहे ते ऐका. बारीक, टोकदार आवाजाला वरून मऊ माईक, रिबन किंवा चांगला डायनॅमिक. दबका, घोगरा किंवा जाड आवाज असेल तर वरून मोकळा कंडेन्सर त्याला उजेडात आणतो. नाकातला आवाज असेल तर मधला भाग पुढे काढणारा माईक टाळा, तो नाकच मोठं करून दाखवतो. मराठी गाताना 'भ', 'फ', 'ध' हे हवेचे धक्के देतात तेव्हा पॉप फिल्टर (माईकपुढची, हवेचा धक्का अडवणारी जाळी) हवाच आणि तोंड अगदी समोर नको, थोडं तिरकं. शास्त्रीय गायकाला जरा लांब ठेवा, एक-दीड फूट, कारण खर्जापासून तारापर्यंत जाताना मान हलते, आणि जवळ असेल तर प्रत्येक हालचालीला बेस वरखाली होतो. खोलीत गादी-पडदे काही नसेल, भिंती उघड्या असतील तर कंडेन्सर ती खोलीपण रेकॉर्ड करतो, तिथे डायनॅमिकच बरा.

आणि तुलना करायची तर दोन-तीन माईक शेजारी शेजारी लावून एकाच वेळी गाऊन घ्या, एकच ओळ, खालच्या आणि वरच्या दोन्ही सुरांची. मग तिन्हींची पातळी सारखी करा, हे न विसरता, कारण जो किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो आणि माणूस फसतो. नावं झाकून ठेवा, तंबोरा आणि तबला मागे लावून ऐका, नुसता सोलो नको, आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने परत एकदा ऐका.